लेकीचा रोट

भांडायचं म्हटलं तर निदान बांध लागतो, विहीर लागते, काहीच नाही तर शेजाऱ्याची कोंबडी तरी लागते. सुलक्षणाचं भांडण लागलं ते एका ओळीवरून, आणि तेही अशा माणसाशी ज्याचं तोंड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ओळही काही मोठी नव्हती. 'लग्न होऊन गेलेल्या लेकीसाठीही रोट काढून ठेवतात.' बस्स, एवढीच. पण त्या ओळीपायी बाईची तहानभूक हरपली होती हो!

सुलक्षणा जळगावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात कामाला. सकाळी पेपर वाचणाऱ्या पेन्शनरांची गर्दी, संध्याकाळी परीक्षावाल्या पोरांची. दुपार मोकळी. मागं एकदा वाचनालयात मराठी विकिपीडियाची कार्यशाळा झाली होती. कुणीही लिहावं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करावं, असा तो इंटरनेटवरचा ज्ञानकोश. कार्यशाळेला आलेली मंडळी चहा-बिस्किटं खाऊन गेली ती गेलीच. हिला मात्र नाद लागला. 'पांझराकाठ' असं नाव घेऊन तिनं खानदेशातल्या जत्रा लिहिल्या, आठवडेबाजार लिहिले, शेवभाजी लिहिली. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी वाटेलाही गेलं नाही. आणि मग तिनं 'कानबाई' हा लेख हाती घेतला.

कानबाई म्हणजे खानदेशचा जीव की प्राण. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिचा प्रसाद म्हणजे रोट. घरातल्या आणि भाऊबंदातल्या एकेका पुरुषामागं सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचा, दळायचा, आणि त्याचे हे जाडजूड रोट भाजायचे. घरातल्या बायकांचा वाटा त्यातलाच. एरवी वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे चुलते-पुतणेही त्या दिवशी एका ओळीत बसून रोट खातात. मात्र बाहेरच्याला घासभरही द्यायचा नाही, आणि पुनवेपर्यंत सगळे रोट संपवायचे.

सुलक्षणाचं माहेर साक्रीकडचं, डोंगराच्या कुशीतलं एक खेडं. लग्न होऊन जळगावला आल्यावर पहिल्याच वर्षी ती राखीला माहेरी गेली, तेव्हा आई प्रमिलाबाईंनी फडक्यात बांधलेला एक रोट तिच्या पुढ्यात ठेवला. वाळून कडक झालेला. तिनं तो दुधात बुडवून, वर गूळ घेऊन खाल्ला. "माय, माले चालस का?" तिनं विचारलं होतं. "चालस ना. आपलामा लेकले देतस," आई म्हणाली होती. मग दरवर्षी राखीला तो रोट ठरलेलाच.

सासरी तिनं हे सांगितलं तेव्हा सासूबाईंच्या भुवया वर गेल्या. "अगं बाई, लेकीला रोट? आमच्यात नाही असं. लेक उजवली की दुसऱ्या कुळाची. दोन कुळांचे रोट एका पोटात चालत नाहीत." सुलक्षणा मनात म्हणाली, तुमच्यात नसेल, आमच्यात आहे! सासरी पुढं बोलणी बसली, कुरबुरी झाल्या, कधी रडूही आलं. पण आपलं अख्खं गाव, अख्खी भाऊबंदकी आपल्याला अजून आपलीच मानते, हा तिचा टेकू होता. परकं धन म्हणणाऱ्या जगाला तिच्याकडे उत्तर होतं.

ते उत्तर तिनं लेखात लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर ओळ गायब!

'सातपुडाकर' नावाच्या कुणीतरी ती काढून टाकली होती. शेजारी कारण लिहिलं होतं : 'चूक माहिती. लेकीला रोट देत नाहीत.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ओळ परत घातली. त्यानं परत काढली. तिनं घातली. त्यानं या खेपेला काढली नाही, पण पुढं 'संदर्भ हवा' असा शेरा चिकटवला. म्हणजे तू खोटारडी आहेस, हे सभ्य भाषेत. लेखाच्या चर्चापानावर ती कडकडली, 'मी स्वतः तीस वर्षं खाते आहे, आणखी कुठला संदर्भ हवा?' त्यावर उत्तर आलं, 'महाशय, आपण काय खाता हा ज्ञानकोशाचा विषय नाही.'

महाशय म्हणे! कालचं पोरगं असेल पुण्यात बसलेलं, कानबाईचा नारळ कशाशी खातात ते ठाऊक नसेल, असं तिनं ठरवून टाकलं. मग तिनं आणखी एक उद्योग केला. आई आता धुळ्याला भावाकडे असते. रविवारी एसटीनं धुळं गाठलं आणि आईसमोर मोबाईल धरला. "माय, सांग, आपलामा लेकले रोट देतस का?" प्रमिलाबाईंनी पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे न बघता भिंतीकडे बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "देतस ना. तुले नही दिधा का मी?"

हातच्या काकणाला आरसा कशाला? सुलक्षणानं तो व्हिडिओ चर्चापानावर टाकला. उत्तर आलं, 'आजींना नमस्कार. परंतु एका घरचं सांगणं म्हणजे गावाची रीत नव्हे.' ओळ पुन्हा उडाली होती.

आता मात्र जुंपली. तिनं त्याच्या दुसऱ्या लेखांत खुसपटं काढली, त्यानं तिच्या शेवभाजीलाही 'संदर्भ हवा' लावलं. शेवभाजीला संदर्भ! वाचनालयातली बाकीची मंडळी विचारायला लागली, की बाई, दुपारी संगणकाशी बोलता का हो तुम्ही?

शेवटी विकिपीडियाच्या प्रचालकानं, म्हणजे तिथली भांडणं सोडवणाऱ्या स्वयंसेवकानं, पानाला कुलूप घातलं. हा प्रचालक म्हणजे अभिमन, जळगावातच एका कॉलेजात भूगोल शिकवणारा. त्यानं दोघांनाही चार शब्द सुनावले. नियमानं दोघांनाही काही दिवस बाहेर बसवता आलं असतं. पण खानदेशावर मराठीत लिहिणारे मोजके, त्यातले दोन मीच हाकलले तर लिहायचं कुणी, असं त्यानं सरळ लिहिलं. आणि मग त्यानं आपला नेहमीचा उपाय सांगितला. तो वाचून सुलक्षणाला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय.

'आपली बाजू दोघांनीही पुरेशी मांडली. आता एकमेकांची मांडा. पांझराकाठ यांनी लेकीला रोट देत नाहीत याचा पुरावा शोधावा. सातपुडाकर यांनी देतात याचा शोधावा. प्रामाणिकपणे शोधावा. लोक तोंडी सांगतील ते लेखात घेता येणार नाही, पण खरा पेच कुठं आहे ते आपल्याला कळेल. छापील काही मिळालं तर उत्तमच. श्रावणापूर्वी भेटू.'

म्हणजे शत्रूची वकिली! नवऱ्यानं, किरणनं, जेवताना चेष्टा केली. "सोडून दे ना. एका ओळीनं काय कुणाचं अडलंय?" ती ताट सरकवून म्हणाली, "माझं अडलंय." शनिवारी ती गावाकडे निघाली तेव्हा तिला बसस्टँडवर सोडायला मात्र तोच आला.

पहिला पुरावा तर तिला स्वतःच्या वाचनालयातच सापडला. लोकगीतांच्या एका जुन्या संग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं, की रोट भाऊबंदांतच खातात, उजवलेल्या लेकींना देत नाहीत. कुणातरी अभ्यासकानं गावोगाव हिंडून लिहिलेलं. पुस्तकाचं नाव आणि पान तिनं मुकाट टिपून घेतलं. पण पुस्तकं काय, साक्रीच्या डोंगरात कुठं फिरकली असतील? आपलं गाव वेगळं. गावात जाऊन चार म्हाताऱ्यांना विचारायचं, त्या म्हणतील देतो, की मग आपण प्रामाणिकपणे शोधलं, सापडलं नाही, असं लिहायला मोकळ्या. असा बाईचा प्रामाणिकपणा!

गावात भाऊबंदांची घरं अजून आहेत. थोरल्या काकांच्या ओट्यावर मंदाबाई काकी लसूण सोलत बसल्या होत्या. आईची मोठी जाऊ. वय झालं, कंबरेतून वाकल्या, पण आवाज खणखणीत. सुलक्षणानं चहा घेतला, शेजारपाजारच्या आणखी दोघीतिघी येऊन टेकल्या, इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या. मग तिनं विषय काढला.

"काकी, आपलामा लेकले रोट देतस ना?"

काकींनी लसूण खाली ठेवला. "आपलामा? नही वं माय. आपलामा आंडेरले रोट कोन्हीच देतस नही."

आंडेर म्हणजे लेक. ऐकण्यात काही चूक होण्यासारखं नव्हतं. बाकीच्या दोघीतिघींनीही माना हलवल्या. एक म्हणाली, माझ्या तिन्ही पोरी राखीला येतात, खीरपुरी खातात, रोट नाही. रोट तर त्या यायच्या आधीच लपवायचा, उगाच मन नको जायला.

"मंग माले कसा भेटे?" सुलक्षणाचा आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

काकी तिच्याकडे बघत राहिल्या. ही पन्नाशीची बाई, जळगावला पुस्तकांत बसणारी, हिला हे ठाऊक नाही? त्यांना बहुधा हसूही आलं आणि वाईटही वाटलं. "तुले तुनी माय देये," त्या म्हणाल्या. "तिना वाटाना रोट ती खाये नही. फडकामा बांधीसन ठेये."

मग काकींनी जे सांगितलं ते असं. लग्न करून सुलक्षणा गेली त्या वर्षी कानबाईला आजोबांनी गहू मोजला. पुरुष मोजले, सव्वा सव्वा मूठ घातली, झालं. पंगतीला बायका बसल्या तेव्हा प्रमिलाबाईंनी आपल्या ताटातला रोट उचलून पदराखाली घेतला आणि नुसत्या खिरीवर उठल्या. काकींनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, बाईला बरं नसेल. राखीला सुलक्षणा आली, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून रोट खाताना दिसली, तेव्हा उलगडा झाला. आजोबांना कळतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. देवीचा कोप, कुळाला बट्टा, काय काय काढलं असतं. म्हणून काकींनी दार लोटून घेतलं आणि ओट्यावर बसून राहिल्या. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही.

"आम्हले बठ्ठ्या बायासले माहीत व्हतं," काकी म्हणाल्या. "कोन्ही बोलनं नही."

ज्याला ती गावाची रीत समजत होती, ती रीत नव्हतीच. तो एका बाईचा चोरटा कारभार होता आणि बाकीच्या बायांनी त्यावर धरलेलं पांघरूण होतं. अख्खं गाव आपल्याला मोजतं असं समजून ती सासरी ताठ मानेनं वावरली होती, आणि मोजत होतं ते फक्त एक माणूस. तिला क्षणभर फार एकटं वाटलं. मग काकींनी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला, त्या हाताला लसणाचा वास होता, आणि त्या वासासरशी ती जी रडायला लागली ती थांबेचना. काकी म्हणाल्या, रड बाई रड. त्यांनी तिला भाकरी आणि ठेचा खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

साक्रीहून एसटी धुळ्यात शिरेपर्यंत तिच्या डोक्यात एकच विचार होता. तीस वर्षं! बाकी सगळ्या घरानं देवीचा प्रसाद खायचा, आणि ज्या बाईनं तो भल्या पहाटेपासून उपाशीपोटी भाजला तिनंच खायचा नाही. आपण मात्र दुधात बुडवून खाताना एकदाही विचारलं नाही, माय, तू खाल्लास का गं?

आई बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होती. सुलक्षणानं टीव्ही बंद केला.

"माय, कानबाईचा रोट तू खायचीस का?"

प्रमिलाबाई सावध झाल्या. "मना दात कोठे शेतस रोट खायाले?"

"आता नाहीत. तेव्हा होते ना? चाळीशीतही नव्हतीस तू."

"तेव्हा मी जाडी व्हती. गहू सोसे नही," म्हाताऱ्या बाईनं दुसरी थाप मारली. मग लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ओळखलं. "मंदाबाई बोलनी का? तिना पोटमा काही राहस नही."

"माय, खोटं का सांगितलंस मला? आपल्यात देतात म्हणून?"

प्रमिलाबाई सांगायला लागल्या. गुन्हेगारासारख्या नव्हे, हिशेब नीट आठवणाऱ्या माणसासारख्या. नुसता मी दिला म्हटलं असतं तर तुझ्या घशाखाली उतरला नसता, त्या म्हणाल्या. आईचा घास आहे म्हणून तू परत केला असतास. रीत आहे म्हटलं की माणूस गुमान खातो.

आणि मग त्या म्हणाल्या, "तठे फक्त गडीमाणसं मोजेत वं. तुले कोन्ही मोजे नही. मंग मी मोजी लिधं."

सुलक्षणानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. पन्नाशीची बाई, केस पांढरे झालेले, पण ठेवलं. पोट भरून रडली, आणि रडता रडता तिला त्या सातपुडाकराची आठवण झाली. आठवण आली आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण राग शोधूनही सापडेना. त्या हट्टी, कुजकट, नियमांच्या किड्यानं ओळ तशीच राहू दिली असती, तर ती जिंकली असती. आणि जिंकून तशीच कोरडी राहिली असती. आई गेल्यावर कुणी सांगितलंही असतं कदाचित, पण तेव्हा ही मांडी कुठून आणली असती?

सोमवारी दुपारी तिनं चर्चापान उघडलं. पुस्तकाचं नाव, पान, सगळा संदर्भ दिला. खाली लिहिलं, 'सातपुडाकर यांचं म्हणणं बरोबर आहे. माझी ओळ पुन्हा घालू नये. आमच्या गावातही लेकीला रोट देत नाहीत. माझी आई स्वतःचा वाटा मला देत होती, मी तिला रीत समजले. सातपुडाकर यांनी संदर्भ मागितला नसता तर मला हे कधीच कळलं नसतं. त्यांचे मनापासून आभार. आणि मी महाशय नाही, बाई आहे.'

अभिमननं पानाचं कुलूप काढलं, लेख नीट केला, दोघांचे आभार मानले. सातपुडाकराचं मात्र उत्तर आलं नाही. एक दिवस गेला, आठवडा गेला. शेवभाजीवरचा 'संदर्भ हवा' तेवढा कुणीतरी गुपचूप काढून टाकला होता.

श्रावण आला. कानबाई बसली, नाचत गाजत नदीवर गेली. राखी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी वाचनालयात फोन वाजला.

"पांझराकाठ ताई का? नंबर अभिमनकडून घेतला. मी जीवराम, चोपड्याहून बोलतो. तो सातपुडाकर."

कसलं पुण्याचं पोरगं! आवाजावरून सत्तरीचे गृहस्थ होते. केळीच्या बागा मुलाच्या हवाली करून संगणक शिकलेले. सुलक्षणा खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. "बोला ना, नाना."

"ताई, अभिमननं मला तुमची बाजू शोधायला सांगितली होती. चोपड्यात घरोघर फिरलो. लेकीला देणारं एकही घर मिळालं नाही. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? मग वाटलं, निदान एका लेकीला तरी विचारावं. म्हणून माझ्या भूमिकाला फोन केला. सुरतेला दिली आहे तिला. म्हटलं, बेटा, लेकीला रोट देतात असं कुठं ऐकलंस का? ती म्हणाली, नाना, लहानपणी मी तुमच्याच ताटात बसून खायची. लग्नानंतर तुम्ही कधी विचारलं का, की तुला आवडतो का म्हणून?"

सुलक्षणानं फोन कानाशी घट्ट धरला.

"त्यानंतर तुमचं ते वाचलं. आईचं. उत्तर काय लिहावं ते समजेना, म्हणून लिहिलं नाही. या वर्षी कानबाईला माझ्या वाटचा रोट मी खाल्ला नाही, ताई. घरात सगळ्यांनी विचारलं, नाना, तब्येत बरी आहे ना? म्हटलं, बरी आहे. काल भूमिका राखीला आली. तिच्या पुढ्यात ठेवला. पोरीनं एक कणसुद्धा सांडू दिला नाही हो."

पेपर वाचणारे दोन पेन्शनर माना वर करून बघत होते. त्यांच्याकडे पाठ करून सुलक्षणानं पदर डोळ्यांना लावला. ती म्हणाली, "नाना, तुमचे उपकार कसे फेडू? मग आता लिहू या का लेखात? काही घरांत लेकीसाठी रोट ठेवतात म्हणून?"

"छे, छे!" नाना एकदम ताठ झाले. "दोन घरांची कुठं रीत होते का? आणि त्यातही एक घर चोरून. तुम्ही लिहून तर बघा, मीच उडवीन."

"उडवा, नाना," सुलक्षणा हसत, रडत म्हणाली. "खुशाल उडवा."